पितळेवर लाखेचा हात

माझ्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि शाळेच्या प्रयोगशाळेत झाडलोट, पुसापुशी करायला लागून मला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मी तिथल्या काचेच्या बाटल्या पुसल्या, पण त्यांच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते मला ठाऊक नव्हतं. निळ्या बुचाची, फुटक्या कडेची, नाकाला झोंबणारी, अशी माझी आपली नावं होती आणि तेवढ्यावर काम भागत होतं.

जुळं झाल्याचं पत्र आलं, ते शिवणवालीने वाचलं. शिवणवाली म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारी, बायकापोरांचे कपडे शिवणारी. गल्लीत पत्र आलं की ते तिच्याकडेच जायचं, कारण तिला वाचता यायचं आणि तिचा आवाज मोठा होता. ती मशीन थांबवायची, चष्मा चढवायची आणि अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचायची. माझ्या लेकीला दूध कमी येतं, सासू रुसून बसली आहे, जावयाला बाळाचा लंगोट बदलताना घाम फुटतो, हे मला कळलं तेव्हाच दूधवाल्यालाही कळलं. शिवाय प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं: "समोरच्या काकूंना माझा खास नमस्कार. त्यांच्या हातच्या फ्रॉकची सर इथल्या कोणालाच नाही." लेकीला हिचा इतका लळा कधी लागला, ते मला उमगत नव्हतं.

मला माझ्या लेकीचं पत्र एकटीने वाचायचं होतं. दार लावून. बाकी काही नको होतं.

शाळेत दोन वर्षांपूर्वी विज्ञानाला एक नवे सर आले होते. वय अठ्ठावीस, पण डोक्यावर केस म्हणावे असे कानांच्या वर चार-दोन. मुलं त्यांना पाठीमागे 'बल्ब' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर बल्बचं चित्र काढून त्याला चष्मा घातला. सर आले, बघितलं, पुसलं नाही. बल्बच्या खाली दोन तारा काढल्या, त्या एका घटाला जोडल्या आणि म्हणाले, "आता लागेल." त्या दिवसापासून मुलं त्यांना तोंडावर सर आणि पाठीमागे 'आपला बल्ब' म्हणायला लागली.

माझं बिंग त्यांनीच फोडलं. मी बाटल्या धुतल्या, ओल्या चिठ्ठ्या निघून आल्या, म्हणून नीट वाळवून खळीने परत चिकटवल्या. सर कपाटासमोर उभे राहिले, मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली.

"मावशी, ह्या चिठ्ठ्या कोलांट्या उड्या का मारताहेत?"

चौदा बाटल्यांवरच्या चौदा चिठ्ठ्या मी उलट्या चिकटवल्या होत्या. मग काय, सांगावंच लागलं. शिवणवालीचंही सांगितलं, पत्राचंही. ते हसले नाहीत. म्हणाले, "मधल्या सुट्टीत दहा मिनिटं काढा. पुस्तक नको, पाटी नको. कपाटाचे खण आहेत तेवढे पुरे."

असं माझं शिक्षण सुरू झालं. खणांवरच्या चिठ्ठ्या हेच माझं पुस्तक. पहिला शब्द 'तार'. मग 'कळ', 'घट', 'दिवा'. 'चुंबक' आला तेव्हा मी दोन दिवस अडकले. जोडाक्षर दिसलं की चाक खड्ड्यात गेल्यासारखी मी थांबायची. सर म्हणायचे, "मावशी, ढकला, निघेल." आणि निघायचं.

पण सर कायम नव्हते. तीन वर्षांच्या बोलीवर आले होते आणि तिसरं वर्ष चालू होतं. तपासणीचे साहेब येणार, सातवीच्या वर्गावर सरांचा एक तास बघणार आणि त्यांचं मत चांगलं पडलं तर सर कायम. नाहीतर सत्र संपलं की भावाच्या पिठाच्या गिरणीत. सरांना शिकवण्याखेरीज काही येत नव्हतं. गिरणीत बसवलं असतं तर जातं कसं फिरतं ते गिऱ्हाइकांना समजावत बसले असते आणि पीठ तिकडे सांडलं असतं. आणि सर गेले की माझी मधली सुट्टी गेली. मी तेव्हा जोडाक्षरांत अर्ध्यावर होते. लेकीचं पत्र पुन्हा समोरच्या दारात.

तासासाठी सरांनी विद्युत परिपथाचा धडा निवडला. साहित्य विकत आणलेलं नव्हतं, सगळं त्यांनी हाताने केलेलं. पाटीएवढ्या दहा फळ्या. प्रत्येक फळीवर घट बसवायला पितळेच्या दोन उभ्या पट्ट्या. त्यांच्या मध्ये विजेरीचा घट दाबून बसायचा. बल्ब फिरवून घट्ट करायला पितळेचं कडं. आणि कळ म्हणजे एका बाजूने खिळलेली पितळेची पट्टी, तिच्याखाली एक टाचणीचं डोकं. बोटाने पट्टी दाबली की ती डोक्याला टेकते आणि दिवा लागतो. बुधवारी दुपारी त्यांनी दहाच्या दहा दिवे लावून बघितले. मीही एक लावला. दाबलं की लागतो, सोडलं की विझतो, मी आठ-दहा वेळा दाबला, तेव्हा सर म्हणाले, "मावशी, घट साहेबांसाठी थोडा ठेवा."

जाता जाता म्हणाले, "तेवढं पितळ काळपट दिसतंय. पुसता आलं तर बघा. मोठ्या बाई म्हणत होत्या की साहेबांची नजर फार स्वच्छतेवर."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचीही नजर स्वच्छतेवरच असायची, बहुतेक करून माझ्या.

मी दहा फळ्या पिशवीत घालून घरी नेल्या. घट आणि बल्ब काढून ठेवले, लिंबाची साल आणि राख घेतली आणि अंगणात बसून पितळ असं घासलं की त्यात माझा चेहरा दिसायला लागला. एवढ्यात आमचे हे कामावरून आले. ह्यांचा धंदा लाकडी सामानाला पॉलिश करण्याचा. टेबलं, कपाटं, पलंग, आणि त्यांच्यावरच्या पितळी मुठी आणि कड्या. ह्यांनी एक फळी उचलली, नखाने पितळ टिचकावलं.

"छान निघालंय. पण परवा परत काळं."

"उद्या साहेब यायचेत हो. उद्यापुरतं राहिलं तरी पुरे."

"शंभर पोरांचे घामेजलेले हात लागणार आणि म्हणे राहिलं तरी पुरे! लाखेचा एक हात मारू. वर्षभर बघायला नको."

लाख म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख, ह्यांच्या डब्यात नेहमी असायची. मुठींना ह्यांनी कायम लावली आणि ह्यांच्या मुठी दहा-दहा वर्षं चमकत राहिल्या. त्यात वावगं काही नव्हतं. ह्यांनी बारीक कुंचला मला दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि उजेड होता तोवर आम्ही दोघं समोरासमोर बसून दहा फळ्या रंगवल्या. पट्ट्या आतून-बाहेरून. कडी आतून. टाचणीची डोकीसुद्धा. हे म्हणाले, "एक हात पुरे असतो, पण साहेब आहेत, दोन मारू." लाख वाळली तसं पितळाला सोन्याचं पाणी चढलं. शिवणवाली दारातून ओरडली, "काय गं, दागिने घडवताय का नवराबायको?"

"हो," मी म्हटलं, "शाळेला घालणार आहे."

गुरुवारी सकाळी सरांनी फळ्या बघितल्या आणि त्यांचा चेहराच उजळला. "मावशी! आरसा केलात की!" घंटा झाली होती, साहेब आले होते, सरांनी घट आणि बल्ब घाईघाईने जागच्या जागी बसवले. लावून बघायला वेळ मिळाला नाही. आदल्याच दिवशी तर बघितले होते.

साहेब उंच, बारीक, हातात कागदाची फाइल. मागच्या बाकावर बसले. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. मी पाण्याचे पेले घेऊन दाराशी उभी. मुलांचे चार-चारचे दहा गट. सर छान बोलले. मग म्हणाले, "आता प्रत्येक गटाने कळ दाबायची. एक, दोन, तीन."

चाळीस मुलं वाकली. दहा बोटांनी दहा कळा दाबल्या.

एकही दिवा लागला नाही.

परत दाबल्या. कोणी दोन बोटांनी, कोणी मुठीने. एकाने फळीवर चापट मारली, आमच्या घरी रेडिओला मारतात तशी. एक मुलगा म्हणाला, "सर, लाइट गेले असतील!" आणि वर्ग खदखदून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी फाइल उघडली. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. सरांची मान कानांपासून खाली लाल होत गेली. मला वाटलं, झालं, पोचले गिरणीत.

सरांनी खडू हातात घेतला. मग फळ्याकडे वळले आणि एक मोठं वर्तुळ काढलं. त्यावर घट, तार, दिवा, कळ.

"बरं," ते म्हणाले. "दिवा लागत नाही. का? वीज घटातून निघते, तारेतून जाते, दिव्यातून जाते, कळेतून जाते आणि परत घटाला येऊन मिळते. हे कडं पूर्ण असेल तर दिवा लागतो. म्हणजे आपलं कडं कुठेतरी तुटलंय. कुठे? शोधायचं."

"घट मेलाय सर!"

"दहाच्या दहा एकाच रात्रीत?"

"बल्ब उडालाय!"

"तेही दहा? साथ आली होती का?"

सरांनी एका फळीवरून घट आणि बल्ब काढला, हातात एक सुटी तार घेतली. तारेचं एक टोक घटाच्या बुडाशी धरलं, दुसरं बल्बच्या आट्यांना गुंडाळलं आणि बल्बचं टोक घटाच्या डोक्याला टेकवलं. दिवा लागला. छोटासा, पण लख्ख.

"घट चांगला," सर म्हणाले. "बल्ब चांगला. तार चांगली. मग उरलं काय?"

"फळी!" सगळे ओरडले.

"फळीवर काय आहे?"

"पितळ! पण सर, पितळ तर विद्युत वाहक. पुस्तकात आहे, पान एक्केचाळीस."

तेव्हा पण-का उठली. पण-का म्हणजे तिसऱ्या बाकावरची एक मुलगी. काहीही सांगितलं की ती "पण का?" विचारायची, म्हणून हे नाव. बाकीचे शिक्षक तिला बघून रस्ता बदलायचे. तिने केसांतली पिन काढून फळीवरची पट्टी खरवडायला घेतली होती.

"सर, ह्याच्यावर काहीतरी आहे. साय असते तसं. निघतंय बघा." तिने पट्ट्या आतून खरवडल्या, मग कडं, मग टाचणीचं डोकं. घट बसवला, बल्ब फिरवला, कळ दाबली. दिवा लागला.

वर्गात एकच गलका. आणि मला तेव्हा कळलं.

गप्प बसता आलं असतं. कोणी मला विचारलं नव्हतं. पण साहेब फाइलवर काहीतरी लिहीत होते आणि माझ्या कुंचल्याचा दोष सरांच्या नावावर लिहिला जात होता. मी पेले खिडकीत ठेवले आणि आत गेले. त्या वर्गात झाडू न घेता मी पहिल्यांदाच गेले असेन.

"ते मी लावलंय," मी म्हटलं. "लाख आहे. सरांना माहीत नव्हतं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर..." साहेबांनी हात वर केला.

"लाख? ती कुठली?"

"आमच्या ह्यांच्या डब्यातली. ते पॉलिशचं काम करतात."

"आणि ती इथे का लावली?"

"पितळ काळं पडू नये म्हणून, साहेब. कपाटांच्या मुठींना लावतो, दारांच्या कड्यांना लावतो. दोन हात मारले. तुम्ही येणार होतात ना."

"माझ्यासाठी दोन?"

"एरवी एकच असतो."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. खोकले की काय केलं, कळलं नाही. मग म्हणाले, "त्या कपाटांना काही अडचण येत नाही?"

"नाही साहेब. कपाटाला वीज कुठे लागते?"

आता वर्ग फुटला. मुलं बाकं बडवून हसली. मला रडू यायच्या बेतात होतं. पण सर पुढे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "हसून झालं? आता लिहून घ्या. लाख विद्युत रोधक आहे. केसाहून पातळ थर, दिसतसुद्धा नाही, आणि दहा दिवे अडवले. हे मी तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तर उद्या विसरला असता. मावशींनी दाखवलंय, आता मरेपर्यंत विसरणार नाही."

"पण का?" पण-का म्हणाली. "लाखेतून का जात नाही?"

"बस," सर म्हणाले. "ते आठवीत."

"आत्ता का नाही?" हे साहेबांनी विचारलं.

मग काय! घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मी पॉलिश पेपर आणला, म्हणजे घासायचा खरखरीत कागद. तो कुठल्या खणात आहे ते मी चिठ्ठी वाचून शोधलं, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मुलांनी फळ्या घासल्या. एकेक दिवा लागत गेला. साहेबांनीही कोट काढून एक फळी घेतली, खिशातल्या किल्लीने खरवडली आणि दिवा लागला तेव्हा मुलांहून मोठ्याने "लागला!" म्हणाले. दहावी फळी सरांनी घासू दिली नाही. "ही अशीच ठेवायची," म्हणाले.

जाताना साहेब काही बोलले नाहीत. फाइल बंद केली आणि गेले. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. ऐकवण्यासारखंच होतं.

मग तीन आठवडे काही कळलं नाही. मी सरांच्या समोर जायचं टाळत होते. मधल्या सुट्टीत मुद्दाम मागचं अंगण झाडायला घ्यायची. चौथ्या दिवशी ते तिथेच आले.

"मावशी, आज 'क्ष' राहिलाय."

"सर, माझ्यामुळे तुमचं..."

"माझं व्हायचं ते होईल. तुमचा 'क्ष' अजून मेलेल्या उंदरासारखा दिसतो. चला."

आमचे हे तर इतके वरमले होते की त्यांनी सरांच्या घरी जाऊन त्यांच्या टेबलाला फुकट पॉलिश करून दिलं. मुठींना लाख लावू का, असं तीनदा विचारलं. सर म्हणाले, "लावा हो, त्यात वीज नाही."

मग एका सोमवारी मोठ्या बाईंनी मला हाक मारली. हातात एक कागद दिला. पाकीट नाही, घडीसुद्धा नाही, उघडाच. "सरांना नेऊन द्या," म्हणाल्या. आणि मी वळले तेव्हा चष्म्यावरून बघत, "वाचत वाचत गेलात तरी चालेल."

त्यांना माझं शिकणं कधीपासून माहीत होतं, देव जाणे.

मी व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिले. छापलेली अक्षरं बारीक होती. तारीख सोडली. सरांचं नाव ओळखलं. 'अध्यापन' शब्दापाशी चाक अडकलं, ढकललं, निघालं. 'साहित्य स्वनिर्मित', मग 'अनपेक्षित अडचणीचा उपयोग', त्यापुढचं सोडून दिलं, कारण शेवटच्या ओळीकडे नजर धावत होती. 'यांना सेवेत कायम करण्यास' आणि पुढे 'हरकत'. ओळ तिथे संपली होती. हरकत! मी कागद छातीशी धरून उभी राहिले. मग आठवलं की सर म्हणायचे, ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं नव्हे. परत बघितलं. खालच्या ओळीत एकटाच शब्द होता. 'नाही.' आणि टिंब.

पन्नासाव्या वर्षी मी त्या व्हरांड्यातून पळत गेले. सातवीचा तास चालू होता. दार न वाजवता आत शिरले आणि ओरडले, "हरकत नाही!"

"कशाला, मावशी?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला!"

त्यांनी कागद वाचला. मग खडू ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण-का म्हणाली, "सर, तुम्ही रडताय? पण का?" आणि ते म्हणाले, "हे पण आठवीत."

त्याच महिन्यात लेकीचं पत्र आलं. मी ते पदराखाली घेऊन घरी आले, दार लावलं आणि खिडकीपाशी बसून वाचलं. दीड तास लागला. एका बाळाला दात येतोय, दुसऱ्याला नाही. सासूचा रुसवा गेला. मला भेटावंसं वाटतं, असं तिने दोनदा लिहिलं होतं, आणि ते मला कोणीच कधी वाचून दाखवलं नव्हतं. शेवटपर्यंत वाचलं. समोरच्या काकूंना नमस्कार कुठेच नव्हता. फ्रॉकही नव्हता. ट्रंकेतून जुनी पत्रं काढून बघितली, एकातही नाही.

मी दार उघडलं. शिवणवाली मशीनवर वाकली होती, मान माझ्याकडे. "पत्र आलं वाटतं? आण, वाचते."

"वाचलं मी," मी म्हटलं. "तुला खास नमस्कार लिहिलाय."

तिने सुईत दोरा ओवला. मग मशीन चालू केलं. त्या खास नमस्कारावर आमच्यात पुढे कधी बोलणं झालं नाही, पण माझ्या पुढच्या दोन चोळ्या तिने फार मन लावून शिवल्या.

दहावी फळी अजून त्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. खणावर 'लाख' अशी चिठ्ठी आहे. ती माझ्या हातची आहे आणि सुलट चिकटवलेली आहे. दरवर्षी सातवीला सर ती फळी काढायचे, घट बसवायचे आणि मुलांना म्हणायचे, "हा दिवा का लागत नाही ते मला शोधून द्या." मी निवृत्त झाल्यावरही त्या दिवशी ते मला बोलावून घ्यायचे. मी दाराशी उभी राहायची आणि शेवटी मुलांना सांगायची की ते मी लावलंय.

सर शाळेत आणखी तीस वर्षं होते. जुळ्यांना एकतिसावं लागलं त्या वर्षी, मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी ते वारले.